एझ्राचा फोटो उशिरा पाठवण्याची कारणे

भिंगार, जि. अहमदनगर
११ मार्च १९७३

तीर्थस्वरूप हन्नाताईस,
धाकट्या केतुराचा शालोम आणि नमस्कार, दोन्ही.

शाळेची मागची पायरी आठवते का तुला? चार वाजता आपण तिथे बसायचो आणि तू पेन्सिल तासायच्या पात्याने एकच पेरू दोघींत कापायचीस. पातं बरोबर मधोमध ठेवायचीस, पण कापताना हात जरासा सरकायचा. मोठी फोड माझी. सिस्टर अगाथा खिडकीतून बघायच्या. परवा पेरू चिरताना ते आठवलं, म्हणून आधी तेच लिहिलं. (पेरू आता मला चाववत नाही. चिरायची सवय राहिली आहे.)

तुझे डोळे कसे आहेत? तिकडे इस्रायलात, लोदच्या थंडीत गुडघे फार दुखतात का? इथे सर्व क्षेम. पाणी चार दिवसांतून एकदा येतं, तेवढं सोडून.

तू जानेवारीत लिहिलंस की एझ्राच्या तेराव्या वर्षाच्या समारंभाचा, बार मित्स्वाचा, फोटो हाती पडला की लगेच कागदपत्रं करून नातवाला शिकायला तुझ्याकडे बोलावून घेशील. सॅम्युअलला मुलगा इतक्या लांब धाडणं जिवावर येतं, पण आईच्या शब्दाबाहेर तो कधी गेला आहे? फोटो मी मुद्दाम रखडवला असं तुला वाटेल. तसं काही नाही.

शनिवारी, शब्बाथला, फोटो काढता येत नाही, म्हणून प्रार्थना चालवणाऱ्या आयझॅकमामांनी समारंभ गुरुवारी सकाळी ठेवला. त्याच दिवशी दाट लग्नतिथी निघाली आणि नगरचे आपल्या ओळखीचे सगळे फोटोग्राफर लग्नांना गेले. सॅम्युअल सध्या नेवाशाकडे दुष्काळी कामांवर ओव्हरसियर आहे. तो घोडेगावच्या बाजारातून कानिफनाथ नावाचा एक फोटोग्राफर घेऊन आला. माणूस सज्जन, कॅमेरा उत्तम. फक्त आजवर त्याने फोटो काढले ते बैलांचे. (प्रदर्शनात नंबर आलेले बैल, कधी एखादी म्हैस. त्याच्या फोटोत माणसंही असतात, पण ती कासरा धरायला. यंदा चाऱ्याअभावी बैलच विकले जाताहेत, त्यांचे फोटो कोण काढणार? म्हणून तो मोकळा होता.)

बैल बुजतो, या कारणाने कानिफनाथ फ्लॅश वापरत नाही. त्याला ऊन लागतं, आणि आपली प्रार्थनेची खोली किती अंधारी आहे हे तुला ठाऊक आहे. त्याने प्रार्थना सुरू असतानाच एझ्राचा दंड धरला आणि त्याला अंगणात नेऊन आडवा उभा केला. "मान वर. पाय म्होरंमागं ठिवा, समदे पाय दिसाया पायजेत." एझ्राच्या डाव्या हातावरचा, प्रार्थनेला बांधायच्या तेफिल्लीनचा चामडी पट्टा सुटून हातभर लोंबत होता. तो पाहून कानिफनाथने विचारलं, "ह्ये धरायला मालक कोन हाय?" सॅम्युअल तुझाच मुलगा, सांगितलेलं ऐकणारा. त्याने पुढे होऊन पट्ट्याचं टोक धरलं आणि छाती काढली. फोटो निघाला.

आत मात्र सगळं थांबलं होतं. तुला मी कळवलं होतंच की गेल्या पावसाळ्यात (म्हणजे जो पडला नाही त्यात) बेंजामिनकाका गेले आणि भिंगार-नगर मिळून आपले पुरुष नऊ उरले. नऊ जणांत सेफेर तोरा, आपली धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढता येत नाही, दहा लागतात. आठ महिने तिचं कपाट बंद होतं. मी दर शुक्रवारी त्याची पितळी कडी पुसायचे, एवढंच. एझ्राला तेरा वर्षं पुरी झाली आणि दहा भरले. आता हा दहावाच अंगणात उन्हात उभा.

आयझॅकमामा दारात येऊन ओरडले, "आण रे त्याला आत! तो नसला की आम्ही नुसते चावडीवर बसल्यासारखे!"

कानिफनाथ म्हणाला, "मंग धा भरायला मी बसतो की. टोपी हाय माजी."

"बस. चहा मिळेल. पण गणतीत नाही धरणार."

तो खरंच बसला, आणि पाच मिनिटांत उठून एझ्राला पुन्हा बाहेर न्यायला लागला. असं आणखी एकदा झालं. पुढच्या वेळेस एझ्राने हात सोडवून घेतला आणि म्हणाला, "काका, मला बाहेर नेऊ नका. मी बाहेर गेलो की सगळं थांबतं." आपले पप्पा बोलायचे तसं, आवाज न चढवता. माझ्या चष्म्यावर धूळ बसली होती, ती पुसावी लागली.

शेवटी आयझॅकमामांनी निवाडा दिला की एझ्राने उंबऱ्याच्या आतच उभं राहायचं आणि तोंड तेवढं उजेडाकडे करायचं. मग वाचन अखंड पार पडलं. कानिफनाथने मलिदा दोनदा मागून खाल्ला आणि जाताना एझ्राच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "लई गुनी हाय." (बैलालाही तो हेच म्हणत असावा. तरी मला बरं वाटलं.)

रोल संपल्याशिवाय धुवायचा नाही ही त्याची रीत, आणि यंदा बैलांचे फोटो काढून घेणारं कोणी नाही. म्हणून उशीर. कारणं संपली.

तुझी,
केतुरा

ता. क. एझ्राला इतक्यात बोलावू नकोस. आयझॅकमामांचा नातू सॉलोमन आत्ता अकराचा आहे. दोन वर्षांनी तो तेराचा होईल आणि एझ्रा गेला तरी दहा राहतील. बाईमाणूस म्हणून दहांत माझी गणती कधीच नव्हती, तेव्हा यात माझा स्वार्थ आहे असं समजू नकोस.

ता. क. २. थोडा आहे. शाळेतून आला की तो आधी माझ्या खोलीत डोकावतो.

ता. क. ३. सोबतच्या फोटोंची वाटणी. पट्टा धरलेला तुझ्याकडच्या धाकट्या मुलाला दे, सॅम्युअलला बघून तो हसेल. मलिद्याच्या ताटाचा तुझ्या शेजारणींना दाखव. बैलाचा चुकून आला आहे, तो परतीच्या टपालाने पाठव. घोडेगावच्या आप्पासाहेबांचा आहे, त्यांना बैल विकावा लागला आणि ते फोटोची वाट बघताहेत. उंबऱ्यातला तुझा. आणि एझ्राची दोन वर्षं मला, पुढचं सगळं तुला. या वेळी मोठी फोड तू घे.