एका पानाचं पत्र सोपं करताना

सोमवार, ३ जून. सकाळी ६.१०
धर्मशास्त्र कॉलेजात एकतीस वर्षं शिकवलं. एक जाडा ग्रंथ लिहिला. तो कॉलेजच्या लायब्ररीतून सोळा वर्षांत तीनदा बाहेर गेला, त्यातल्या दोन वेळा मीच नेला. आता पुरे. मरण्याआधी एका तरी साध्या माणसाने मला शेवटच्या पानापर्यंत वाचावं, एवढीच इच्छा उरली आहे.

संधी आली आहे. पाळकसाहेब चर्चमध्ये रविवारचा वाचनगट सुरू करताहेत. दहा-बारा माणसं, सगळी कामधंद्याची. त्यांच्यासाठी बायबलमधलं काहीतरी सोपं करून द्याल का, म्हणाले. मी येशूचा प्रेषित पौल याचं सर्वांत छोटं पत्र निवडलं. जेमतेम एक पान, पंचवीस वचनं. मालकाकडून पळालेला दास तुरुंगात असलेल्या पौलाला भेटतो. पौल त्याला चिठ्ठी देऊन मालकाकडेच परत पाठवतो, की याला आता दास म्हणून नको, भाऊ म्हणून घे. संपलं. वीस पानांची पुस्तिका, ऑगस्टच्या पहिल्या रविवारी द्यायची. हातचा मळ.

नियम दोन. तळटीप एकही नाही. ‘मतभेद आहेत’ हे शब्द कुठेही नाहीत.

मंगळवार, ४ जून
टेबल आवरलं. दमलो.

रविवार, ९ जून
पत्राचा पहिला शब्द ‘पौल’. पौल कोण हेच वाचकाला नीट कळलं नाही तर पुढे काय कळणार? थोडी पार्श्वभूमी दिली. सहा पानं.

सोमवार, १७ जून
पौल अठरा पानं. तुरुंग कोणत्या शहरातला होता याविषयी मतभेद आहेत. तसं लिहिलं नाही. ‘सर्वांचं एकमत नाही’ असं लिहिलं. नियम पाळला की माणसाला आतून बरं वाटतं.

तळटिपाही नाहीत. त्या मी कंसात घातल्या. कंस फार लांबले म्हणून प्रकरणाच्या शेवटी हलवले. शेवटी आहेत, तळाला नाहीत.

बायको हॉस्पिटलात सिस्टर आहे. ड्यूटीवरून आली, चपला काढता काढता विचारलं, कुठवर आलं. म्हटलं, पौल होत आला. ती म्हणाली, मी ते पत्र आज बसमध्ये वाचलं, दोन स्टॉपांत झालं. वाचणं वेगळं आणि समजणं वेगळं, हे मी तिला समजावून सांगितलं. ती ऐकता ऐकता खुर्चीतच झोपली. बिचारीला वॉर्डात फार काम पडतं.

बुधवार, २६ जून
कठीण शब्दांची सूची केली. ‘दास’ याचा अर्थ दीड पान. त्यातल्या कठीण शब्दांची दुसरी सूची करावी लागेल. पाठ धरली आहे.

मंगळवार, २ जुलै
मोरी तुंबली. प्लंबर आला. वाचनगटात आहे म्हणाला. देव एक दार बंद करतो तेव्हा मोरी तुंबवतो, असं म्हणायला हरकत नाही. हाच माझा साधा वाचक. पहिलं प्रकरण त्याच्या हाती दिलं आणि सांगितलं, जिथे समजणार नाही तिथे पेन्सिलीने खूण करा. त्याने हात पुसून कागद घेतले. एवढा आदर मला कॉलेजात कुणी दाखवला नव्हता.

शुक्रवार, १२ जुलै
कागद परत आले. बेचाळीस पानं आणि एकही खूण नाही. एकही. दिवसभर शीळ घालत होतो. मोठमोठ्यांना जे जमलं नाही ते जमलं.

बायकोने कागद उलटसुलट बघितले. म्हणाली, कागदांच्या उघडत्या बाजूला लावलेली पिन त्याने काढलेली दिसत नाही, आणि पिन न काढता दुसरं पान उघडतच नाही. काही माणसांना दुसऱ्याचं यश बघवत नाही. अर्थात तसं तिला म्हटलं नाही, जेवायचं होतं.

शनिवार, २० जुलै
पान चौऱ्याण्णव. पाळकसाहेबांचा फोन. वीस पानांत बसतंय ना, विचारत होते. म्हटलं, जवळपास. पाठ फार दुखते. खरं सांगायचं तर कंटाळा आला आहे. पण हा लेखनाचा कंटाळा नाही, हा परिपूर्णतेचा थकवा आहे.

बुधवार, ३१ जुलै
सातव्या वचनापर्यंत आलो. उरली फक्त अठरा. चार दिवस आहेत. रोज साडेचार वचनं, अशक्य नाही.

शनिवार, ३ ऑगस्ट
आठवं वचन. त्यातला ‘म्हणून’ फार महत्त्वाचा आहे.

रविवार, ४ ऑगस्ट. संध्याकाळी ५
पुस्तिका झाली नाही. पाळकसाहेबांनी बायबल उघडलं. म्हणाले, मग पत्रच वाचू. बायकोने उभं राहून वाचलं. चार मिनिटं लागली.

मग सगळे बोलायला लागले. शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, चिठ्ठी हातात घेऊन मालकाच्या दारात उभं राहायचं म्हणजे माणूस कडी वाजवण्याआधी दहादा मागे वळून बघणार. कुणीतरी म्हणालं, चिठ्ठीत काय लिहिलंय हे तरी त्याला वाचता येत होतं का? तासभर चाललं. त्यातल्या प्रत्येक मुद्द्यावर माझी टिपणं आहेत. कुणी विचारेल म्हणून मी मागच्या खुर्चीवर ताठ बसून होतो.

शेवटी प्लंबरने विचारलं. “सर, मालकाने घेतलं का हो त्याला परत?”

सांगितलं की पत्रात तसं काही नाही आणि त्याविषयी मतभेद आहेत.

“मतभेद असू देत,” तो म्हणाला. “तुम्हाला काय वाटतं?”

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. बायकोसुद्धा. एकतीस वर्षं हे पत्र शिकवलं, पण त्या माणसाचं पुढे काय झालं असेल याची काळजी मला कधी वाटली नव्हती. लाज वाटली. म्हटलं, माहीत नाही. चारचौघांत हे शब्द मी पहिल्यांदाच उच्चारले. प्लंबर म्हणाला, मला तर त्या दारापासून पुढे विचारच करवत नाही.

घरी येऊन लिहिलेलं सगळं चाळलं. दासाचं नाव दहाव्या वचनात येतं. माझी एकशे बारा पानं झाली, तो अजून आलेलाच नाही.