औटघटकेच्या सरकारचं तिकीट

बाबा, तुमचं ते रशियाचं तिकीट खरं निघालं! हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्हाला पाल्हाळ कधी सोसलं नाही. पुण्याच्या घरी ओट्यापाशी बशीत पाणी घेऊन तुम्ही पाकिटांवरची तिकिटं सोडवायचात, आणि मी जवळ आले की चिमटा रोखून म्हणायचात, "बोट नाही लावायचं! तेलकट डाग पडतो." त्या एका तिकिटापाशी तर मी श्वाससुद्धा जपून घ्यायचे. झारच्या काळातलं जुनं तिकीट, त्यावर काळ्या शाईत नव्या सरकारचं नाव आणि नवी किंमत. यादवी युद्धातलं औटघटकेचं सरकार ते, नवी तिकिटं काढायला सवड कुठली? जुन्यांवरच छाप मारून मोकळे झाले. मग एका रविवारी तुमचे मित्र, आपले तिकीटवाले काका, भिंग लावून म्हणाले, "फसलात राव! वापरलेल्या साध्या तिकिटावर कुणीतरी मागाहून छापलंय." तुम्ही हसलात, त्यांना चहा दिलात, पण अल्बमचं ते पान पुन्हा कधी उघडलं नाहीत. मला त्या काकांचा अजून राग येतो.

परवा ह्यूस्टनला तिकिटांचं प्रदर्शन होतं. इथून, आमच्या शुगर लँडच्या घरून, लेकीला घेऊन ड्राइव्ह करत गेले. एसी फुल, तरी हात घामेजलेले. तिथल्या परीक्षक बाईंनी तिकीट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि मला बोलावलं. बघते तर काय, पोस्टाच्या शिक्क्याची शाई त्या काळ्या छापाच्या वर! म्हणजे छाप आधीचा, शिक्का नंतरचा. लेक म्हणाली, "वेट, आई, वॉर चालू असताना कुणीतरी लेटर पोस्ट केलं? आणि ते पोचलं?" मी म्हटलं, "पोचलं असणार गं, नाहीतर तुझ्या आजोबांपर्यंत आलं कसं!" आणि बोलता बोलता अंगावर काटा आला. उद्या आपण असू की नसू हे ठाऊक नसलेलं सरकार, आणि त्याला सुचलं काय, तर लोकांची पत्रं पोचवायची! केवढी ही माणसं, बाबा! आणि त्यांच्या भरवशावर पेटीत पत्र टाकणारा तो कोण असेल? तुम्ही तिथे असायला हवं होतं. फार हवं होतं.

आत्ता ते पान समोर उघडं आहे. हे पत्र कुठल्याच टपालात पडणार नाही, त्या पानामागेच सरकवून ठेवणार आहे. आणि एक सांगायचं राहिलं. चिमटा बाजूला ठेवून मी त्या तिकिटाला बोट लावलं, बाबा. हात धुतले होते.