अर्धं मला दे

३ नोव्हेंबर
आलो एकदाचे! नवं घर तळमजल्यावर, उंबऱ्यालासुद्धा उंची नाही. चाकाच्या खुर्चीतून ही थेट आत शिरली आणि सगळ्या खोल्या फिरून प्रत्येकीला नावं ठेवली. सहा वर्षांच्या संधिवाताने हिची बोटं वाकडी केली, जीभ मात्र शाबूत आहे. घड्याळ-दुरुस्तीचं टेबल मी खिडकीशी मांडलं. वर घरमालकीणबाई राहतात. सत्तरीच्या असतील, पण जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढतात. यजमान अंथरुणाला खिळलेत म्हणे.

८ नोव्हेंबर
घडी बसली. सकाळी हिचे हात कोमट पाण्यात धरतो, बटणं लावतो, वेणी घालतो. वेणी वाकडी येते. ही म्हणते, आयुष्य काट्यांमागे गोल गोल फिरण्यात गेलेल्याला सरळ काय जमणार! भांडतोही. दुखणं लांबलं की भांडणसुद्धा गोळ्यांसारखं वेळेवर घ्यावं लागतं, नाहीतर साचतं. राहिलंय ते एवढंच, की हिचा हात घट्ट धरता येत नाही. जरा दाबला की कळवळते.

१२ नोव्हेंबर
घरमालकीणबाई बसायला आल्या होत्या. ही त्यांना काकू म्हणायला लागलीसुद्धा. त्यांनाही तीस वर्षं हेच दुखणं होतं. कुठल्या औषधाने गेलं, असं हिने विचारलं, तर शांतपणे म्हणाल्या, "नवऱ्याच्या." रोज संध्याकाळी हातात हात घेऊन बसायचं आणि त्याने मनापासून म्हणायचं, अर्धं मला दे. त्या गेल्यावर आम्ही पोट धरून हसलो.
तरी दिवे लागताना मी हात पुढे केला. म्हणालो. अगदी मनापासून.

१६ नोव्हेंबर
हिने आज स्वतःची बटणं स्वतः लावली! आणि माझी बोटं आपल्या बोटांत गुंफून घट्ट दाबली. सहा वर्षांनी. मी रडलो. माझी बोटं थोडी ठणकतात; ठणकू देत.

२१ नोव्हेंबर
चिमट्यातून स्क्रू निसटतात. डॉक्टरांनी रक्त तपासलं, काहीच सापडलं नाही. ही आता चालते. आरशासमोर गुणगुणते. अर्ध्याहून बरंच जास्त बरी दिसते.

२४ नोव्हेंबर
आता पुरे, म्हणालो. ही लगेच कबूल झाली. पण हात नुसता लागला तरी माझ्या मनगटातून कळ जाते आणि हिच्या गालांवर रंग चढतो. ही रडली. म्हणाली, "मी घालवत नाही रे, आपोआप जातं!" खोटं बोलत नाही ती. म्हणूनच जास्त भीती वाटते.

२७ नोव्हेंबर
बाई बाहेर गेल्याचं पाहून वर गेलो. बसत, सरकत, एकेक पायरी. दार उघडंच होतं. पलंगावर यजमान — गुडघे छातीशी, बोटं तळव्यात रुतलेली. हलतात ते फक्त डोळे. त्यांनी ओठ हलवले, मी कान जवळ नेला. अर्ध्यावर थांबत नाही, म्हणाले. मग पळून का गेला नाहीत, असं विचारलं. डोळे दाराकडे वळवले. मग म्हणाले, ती हसायची हो.

२९ नोव्हेंबर
पेन मुठीत धरून लिहितोय. बोटं मिटत —
ठरलं. ही भावाकडे जाणार. उद्या. हिनेच ठरवलं. दोन खोल्यांत जेवलो. भिंतीआडून मला हसवत होती.

३० नोव्हेंबर
बॅग दाराशी. ही उभी. ताठ. किती सुंदर दिसते —
आत येत नाही. हात पाठीमागे बांधलेत. म्हणते, निघते. म्हणते, लिहीत राहा, वर बघू नकोस —
बघितलं.
रडतेय. डोळे पुसायला कुणी नाही. मी नाही म्हणायला हवं, मी — माझाच हात पुढे —
ती मागे सरत नाही. नको म्हणते आणि