नुसत्या रिंगा

१२ नोव्हेंबर

प्रिय ठमाबाईस,

अनेक आशीर्वाद. गुडघा बरा आहे, दात बरे नाहीत, जीभ ठणठणीत आहे. फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून हे पत्र. कागदाला मधेच तोडता येत नाही.

जावईबापूंना सांग, तुझ्या बाबांच्या गाडीला भंगार म्हणायचं नाही. माझ्यासाठी तुमच्याकडे खोली रंगवून घेतलीत, छान केलंत. पण मी गाडीचं इंजिन खोलून पुन्हा बांधायला दिलं म्हणजे मला वेड लागलं असं होत नाही. "तुला गाडी चालवता येत नाही आई, मग हे कोणासाठी?" असं तू विचारलंस. त्यावर येते. आधी इंजिनाचं ऐक.

शेजारीणबाई तक्रार घेऊन आल्या. रोज संध्याकाळी आमच्या शेडच्या दाराखालून निळा धूर येतो, वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागतो. मी त्यांना झाडलं खरं, पण धूर मीही बघत होते. गॅरेजातल्या मिस्त्रीला बोलावलं. तो म्हणाला, निळा धूर म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, तेल वर चढून जळतंय. मग त्याने पेट्रोलची टाकी बघितली. कोरडी. बॅटरी तर बाबा गेल्यावर तुम्हीच काढून नेलीत. मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे.

इंजिन त्याने गॅरेजात नेऊन खोललं आणि मला बोलावून घेतलं. म्हणाला, "बाई, इतकी वर्षं उभी गाडी. पिस्टन गंजून चिकटायला हवे होते. हे तर रोज चालतंय. चालवतं कोण?" मी म्हटलं, तुला इंजिन दुरुस्तीला बोलावलंय, चौकशी समितीवर नाही.

सिलिंडर झिजला की आत वरच्या कडेला पायरी पडते. बाबा ती माझ्याकडून बघून घ्यायचे, आठवतं? माझं नख माझ्या जिभेइतकंच धारदार आहे म्हणायचे. मी बोट आत घातलं. पायरी होती. आणि सिलिंडरची भिंत कोमट होती. तो इंजिनाचा ब्लॉक कितीतरी दिवस थंड फरशीवर पडून होता. मी रुमालाला हात पुसला.

इकडे शेडमध्ये वेगळाच तमाशा. इंजिन गेल्यापासून संध्याकाळ झाली की चपला फरफटतात, बॉनेट उघडतं, मिटतं, पुन्हा उघडतं. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, भूत म्हणजे रिकाम्या डोक्याचा आळस. माझं डोकं कधी रिकामं नव्हतं. तरी एकदा दाराबाहेर उभी राहून खडसावलंच, "दम धरा जरा. रिंगा यायच्यात." बॉनेट हळूच मिटलं. जिवंतपणी इतकं ऐकलं असतं तर संसार सुखाचा झाला असता.

आता निवडीचं. मिस्त्रीचा हट्ट होता, सिलिंडर बोअर करायचे, म्हणजे आतून कोरून रुंद करायचे, आणि अर्धा मिलिमीटर मोठे, नवेकोरे पिस्टन टाकायचे. दहा-बारा वर्षं बघायला नको. दुसरा मार्ग, पिस्टन जुनेच आणि नुसत्या रिंगा नव्या. त्या झिजल्या सिलिंडरमध्ये वर्षभर टिकतील, फार तर दोन वर्षं, मग पुन्हा धूर. "असलं अर्धवट काम मी करत नाही," म्हणाला. मी म्हटलं, अर्धवट नाही, बेताचं. मग फुरंगटला, पण केलं. बाबा करायचे तशी एकेक रिंग मी स्वतः सिलिंडरमध्ये सरकवून तिच्या दोन टोकांमधली फट बघितली. दोन परत केल्या.

काल इंजिन गाडीत बसलं. टाकी कोरडीच ठेवली, बॅटरी लावू दिली नाही. संध्याकाळी आवाज आला. सुरेख, एकसारखा. धूर नाही. आवाज चालू असताना मी पहिल्यांदाच शेडचं दार उघडून आत गेले. ड्रायव्हरची सीट दबलेली होती. शेजारचं दार आतून कोणीतरी ढकलून ठेवलं होतं, मी येताना दिसले की बाबा ठेवायचे तसं.

मला गाडी चालवता येत नाही, हे तू बरोबर बोललीस. मला बाजूला बसायचंय. आणि दहा-बारा वर्षांच्या पिस्टनचं मी या वयात काय करू?

त्या खोलीत तू तुझं शिलाई मशीन ठेव. नातवाला पापा.

बाजूच्या सीटवरून,
तुझी आई