बळ की बाळ

१२ जानेवारी, रविवार

बाबा आज अख्खं गीतभर मुके उभे राहिले. माझे बाबा! ज्यांचा आवाज देवळाबाहेर रस्त्यावर ऐकू यायचा!

नव्या वर्षापासून चर्चमध्ये मराठी आणि इंग्रजी उपासना एकत्र केल्यात. मला आवडलंच होतं. पोरंटोरं पुढे, अँटॉप हिलची तमिळ मंडळी मध्ये, मागे रुआती — मिझोरामची, इथे परळलाच नर्स आहे. सगळे मराठी गीतं म्हणतात, कारण पडद्यावर ती रोमन अक्षरांत येतात. बाबांना तीच वाचता येत नाहीत. पूर्वी सगळं पाठ होतं. मेंदूचा झटका आल्यापासून शब्द निसटतात, पुस्तक लागतं. आणि पडद्यावर गीताचा नंबरच नाही! पानं उलटत राहिले बिचारे. सापडेपर्यंत गीत संपलं.

वर रुआती मागून खड्या आवाजात, 'तू माझे बाळ, प्रभू.' रोमनमध्ये बळ काय नि बाळ काय! बाबा गर्रकन वळले. "अगं, बाळ नाही, बळ! देवाला बाळ म्हणतेस?" पोरगी लाजेने लाल. सगळा राग तिच्यावर निघाला.

१४ जानेवारी

पाळकसाहेबांना फोन केला. 'ताई, सगळ्यांना वाचता यावं म्हणून केलं हो.' शेजारून बाबा म्हणाले, "सगळ्यांत मला धरलंय का, विचार." विचारलं. मग, 'निदान नंबर टाकायला सांगतो.'

वाईट माणूस नाही. म्हणूनच भांडताही येत नाही.

१९ जानेवारी, रविवार

बाबा आले नाहीत. म्हणे गुडघा दुखतो. गुडघा कसला! सकाळी इस्त्रीचा सदरा घालून, दाढी करून बसले होते. मी चपला घातल्या तेव्हा तोंड फिरवलं.

२६ जानेवारी, रविवार

नंबर आला! पडद्याच्या कोपऱ्यात, बारीक, पण आला. घरी जवळजवळ पळतच आले सांगायला. बाबांनी ऐकून घेतलं. "आता नको, मेघे. तिथे माझ्यावाचून छान चाललंय."

न्हाणीघरात जाऊन रडले. नळ सोडून.

६ फेब्रुवारी

दुसरा झटका. उजवी बाजू गेली, वाचाही. रुआतीच्याच वॉर्डात आहेत. तिनेच खाट मिळवून दिली.

९ फेब्रुवारी, रविवार

उपासनेला गेले नाही. बाबांना चमच्याने पेज भरवली. निम्मी हनुवटीवरून ओघळली. पुसताना माझ्याकडे असे बघत होते की काळजाचं पाणी झालं.

रुआती कूस बदलायला आली. काम करता करता गुणगुणायला लागली — तेच गीत, तेच 'बाळ'! आता बाबा चिडणार, धड बोलताही येईना.

बाबा ऐकत राहिले. मग डावा हात उचलून तिच्या गालावर ठेवला. ओठ हलले. काय म्हणाले कळलं नाही. ती म्हणाली, "अंकल, बराबर गा रही हूँ ना?" त्यांनी मान हलवली. हो म्हणून! जिने चुकीचं म्हटलं तिला!

मला मेलीला अजून कळत नाहीये.

१३ फेब्रुवारी

बाबांना शिवडीच्या दफनभूमीत ठेवून आलो. पाळकसाहेबांनी नंबर सांगून तेच गीत सुरू केलं. मी पुस्तक उघडलं होतं, त्यात स्वच्छ 'बळ' छापलंय. मी रुआतीचा हात धरला आणि खड्ड्यात बघत तिच्याबरोबर म्हटलं — तू माझे बाळ.