वरातीतला जपानी दादरा

उधना, शुक्रवार, २४ मे १९९६

साडू दिलीप, बँडपार्टीचा मास्तर, आज तोंड वेंगाडून आला. "भाऊ, तुमच्या त्या जपानी गाण्यात नाचणारे मधेच अडखळतात. हेरान झालो. काय गोम आहे?"

गोम! मिलमध्ये मशीन बसवायला आलेल्या जपानी फिटरने जाताना त्या गाण्याची कॅसेट मला दिली. याच दिलीपने बारशाच्या पंगतीत सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "आमचे साडूभाऊ चिनी मांजरी ऐकतात." आणि आता माझ्याकडे ऐकलेली तीच चाल त्याच्या बँडपार्टीत. मला विचारलंसुद्धा नाही.

ते गाणं मी कोणाकडे न शिकता उकललंय. पोरी अंगाईसारखं सुरू करतात, मग डिस्को, मग आपल्या बँडसारखी पितळी वाद्यं. आणि कडवं संपताच केरवा सोडून सरळ दादरा. चार मात्रांच्या ठेक्यावरून तीनाच्या. तिथे ढोल थांबवून नुसती टाळी ठेवायची, पाय आपोआप वळतात. कॅसेटमध्ये तेच केलंय. या बँडमास्तराला ते ऐकूच येत नाही!

मी म्हणालो, "तिथे ढोल आणखी जोरात वाजवा."

तो गेल्यावर ही म्हणाली, "खरं सांगायचं ना. साडू आहे तुमचा." सांगितलं असतं. मांजरी म्हणाला नसता तर.

हा नीचपणा झाला का? होऊ दे. उद्या त्याचा बँड असलेली वरात आमच्याच गल्लीतून जाणार आहे. मी गॅलरीत उभा राहीन. केरव्याचा दादरा झाला आणि सगळे एकमेकांच्या पायांवर पडले, की वरून टाळी सुरू करीन. दिलीपला मान वर करावीच लागेल.