पहिली पत्रिका कंपनीला

मंगळवार, संध्याकाळी सात

गेला आमचा गेम. लहानपणी खेळायचो त्याचाच पुढचा भाग मी आणि समीरने चार वर्षं खपून बनवला, फुकट वाटायला. आज मूळ कंपनीने कॉपीराइटची नोटीस पाठवून तो साइटवरून काढायला लावला.

कंपनीला कळलं कसं? मीच कळवलं! लग्नाची पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवतात ना, तसा पहिला मेल मी कंपनीलाच केला. वर 'आशीर्वाद असू द्या'. गाढव आहे मी.

समीरची अंबडच्या कारखान्यातली शिफ्ट सुटल्या सुटल्या त्याचा फोन. रडत होता. गेममधली सगळी चित्रं त्याचीच. "कुणी चुगली केली रे?"

तो मेल समोर उघडाच होता. आशीर्वाद म्हणे!

मी म्हणालो, "शोधू आपण त्याला."